शिक्कामोर्तबच्या उलट काय?

कागदकीडा

रोज सकाळी पेपरात कशावर ना कशावर शिक्कामोर्तब झालेलं असतं. उमेदवारीवर, जागावाटपावर, कुणाच्या तरी बदलीवर. पण याच्या उलट घडलं की काय लिहायचं? म्हणजे प्रस्ताव रीतसर वर गेला, रीतसर विचार झाला आणि रीतसर 'नाही' आलं. त्या 'नाही'साठी एवढाच वजनदार शब्द मला सापडेना.

शिक्कामोर्तब ही खरं तर कागदाची दोन टोकं. जुन्या पत्रांत माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते'. पेशव्यांच्या मोर्तबावर 'लेखनसीमा'. मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. 'मोर्तब सुद' हा शेरा तर थेट फारसी, 'मुरत्तब शुद', म्हणजे रीतीप्रमाणे पुरं झालं. होकाराला अशा दोन दोन मुद्रा. नकाराची मुद्रा मी तरी पाहिलेली नाही.

आत्तापर्यंतची माझी यादी अशी: नामंजूर, अमान्य, नाकारणे, फेटाळणे, खारीज, रद्द, रद्दबातल, अस्वीकृत, बाद. हे सगळे एकमेकांच्या जागी चालतात असं मला वाटत नाही. पण फरक नेमका कुठे पडतो? जाणकारांनी भर घालावी.

---

सातारी अव्वल

महसुलात आयुष्य गेलं, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, म्हणून लिहितो. तुमच्या यादीतला एकही शब्द आम्ही शक्यतो लिहीत नसू.

'नामंजूर' लिहिलं की कारण द्यावं लागतं. कारण दिलं की ते कलमात बसवावं लागतं. आणि एवढं करून अर्जदार अपिलात जातो तो जातोच. त्यापेक्षा सोप्या वाटा पुष्कळ. टिपणी वर गेली की साहेबांचा शेरा येतो, 'चर्चा करावी'. चर्चा होत नाही. मग 'तपासून फेरसादर करावे'. मग 'संबंधित विभागाचे अभिप्राय घ्यावेत'. अभिप्राय मागवले की फाइल दुसऱ्याच्या टेबलावर आणि आपण मोकळे. अर्जदार फारच चिकट निघाला तर 'त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा' असं पत्र लावून सगळा गठ्ठा परत.

आणि सगळ्यात पक्कं म्हणजे 'प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे'. वाचणाऱ्याला वाटतं, चला, दाखल तरी झालं! हे पत्र हातात घेऊन आभार मानायला आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना खरं काय ते सांगायचं काम कायम माझ्याकडे. फडक्यात बांधून रेकॉर्ड रूमला गेलं, आता ते कोणी सोडणार नाही, हे सांगताना बरं वाटायचं नाही.

स्पष्ट लिहावंच लागे अशी एक जागा म्हणजे फेरफार, जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. तलाठी नोंद घालतो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर तरी करतो नाहीतर रद्द तरी. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं, सुनावणी होते. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५०. तो निर्णय अव्वल कारकुनाच्या खालच्या माणसाने द्यायचा नाही असं कलमातच आहे. (एवढाच काय तो आमचा मान.) आणि रद्द झालेली नोंद खोडत नाहीत. नंबर राहतो, शेरा राहतो, आणि नातू नक्कल काढायला येतो तेव्हा आजोबांना कोणी 'नाही' म्हटलं हे त्याला वाचता येतं. दप्तरी दाखल झालेल्या अर्जाच्या नशिबी हेही नसतं.

---

तर्रीपोहे

काका, जबरदस्त. 'चर्चा करावी' या शेऱ्याखाली गेलेले माझे दोन प्रस्ताव आठवून गहिवरलो.

आमच्या नागपूरकडे 'खारीज' जास्त चालतं. अपील खारीज, दावा खारीज, अर्ज खारीज. पुण्यात बोललो की लोक विचारतात, हिंदी का बोलतोस? अरे बाबा, आम्ही १९५६ पर्यंत मध्य प्रांताची राजधानी होतो, कचेरीची भाषा तिकडून आली. खारीज म्हणजे मुळात बाहेरचा, बाहेर काढलेला. शब्द ऐकल्यावर दाराबाहेर उभं असल्यासारखंच वाटतं, त्यामुळे मला तो नामंजूरपेक्षा प्रामाणिक वाटतो.

---

शुद्धमती

नामंजूर, खारीज, रद्द, बातल, सगळे अरबी-फारसी. महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? 'अस्वीकृत' आणि 'अमान्य' हे नेटके शब्द असताना परक्या शब्दांची हौस कशाला?

---

कागदकीडा

शुद्धमती, कोशाबद्दल आदरच आहे. पण मग धाग्याचा मथळाच बदलावा लागेल. शिक्काही अरबी आणि मोर्तबही.

शिवाय अमान्य आणि नामंजूर एक नाहीत. 'मला हे अमान्य आहे' असं मी घरात बसून म्हणू शकतो. नामंजूर करायला खुर्ची लागते. अमान्यला तर तिसराही अर्थ आहे, मान्यता नसलेला. अमान्य शाळा म्हणजे कोणी नकार दिलेली शाळा नव्हे, तिने कदाचित मागितलीच नसेल मान्यता.

मंजूर हा शब्द 'नजर' ज्या धातूतून आला त्यातूनच आला. मंजूर म्हणजे पाहिलेला, नजरेखालून गेलेला. त्या हिशेबाने नामंजूर म्हणजे न पाहिलेला. अव्वलकाका सांगतात ते ऐकून वाटतं, बहुतेक अर्जांच्या बाबतीत हे अक्षरशः खरं असावं.

---

सातारी अव्वल

हाहाहा. यावर काही बोलत नाही, पेन्शन चालू आहे.

---

अर्धवटराव

माझा आवडता शब्द 'नापास'. 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी, आणि नामुष्की शंभर टक्के मराठी. शुद्धमतींनी 'अनुत्तीर्ण' म्हणून बघावं, बापाच्या चेहऱ्यावर काही फरक पडत नाही.

तोही शब्द आता गेलाच म्हणा. काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'नापास' काढला आणि 'कौशल्य विकासास पात्र' आला. हेतू चांगला होता, पोरांच्या जिवाला लागतं हे खरं. पण 'पात्र' हा शब्द वापरून अपात्र ठरवायचं, याला कौशल्यच लागतं.

---

वकीलबाई

धागाकर्त्यांचा प्रश्न बरोबर आहे, हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. निदान आमच्या धंद्यात तरी नाही. पक्षकार येऊन म्हणतो, 'मॅडम, माझं फेटाळलं.' मी विचारते, 'आदेश दाखवा.' कारण काय फेटाळलं, कसं फेटाळलं, यावर पुढची वाट ठरते.

दिवाणी दाव्याचंच बघा. कोर्टाला अधिकारक्षेत्र नसेल तर वादपत्र परत करतात. ते योग्य कोर्टात नेऊन द्यायचं, विषय तिथे चालू राहतो. वादपत्रात दाव्याचं कारणच दिसत नसेल, किंवा कोर्ट फी कमी असून मुदतीत भरली नसेल, तर वादपत्र नाकारतात. त्यानंतरही दुरुस्त करून नवं वादपत्र दाखल करता येतं, मुदत शिल्लक असली म्हणजे झालं. तारखेला तुम्ही हजरच नसाल तर दावा गैरहजेरीत काढून टाकतात. तो पुन्हा फायलीवर घ्या म्हणून ३० दिवसांत अर्ज करायचा आणि का आलो नाही ते पटवायचं. आणि पुरावा होऊन, युक्तिवाद होऊन गुणदोषांवर दावा नामंजूर झाला तर मात्र तोच वाद, त्याच माणसाविरुद्ध, पुन्हा आणता येत नाही. फक्त अपील.

पेपरात या चारींना एकच मथळा, 'दावा फेटाळला'. पहिल्या तिघांत माणूस अजून जिवंत आहे हो.

रद्दचं वेगळं. आधी काही दिलेलं असेल तरच ते रद्द होतं. परवाना, जामीन, नेमणूक, सातबारावरची नोंद. जामीन नामंजूर म्हणजे मिळालाच नाही. जामीन रद्द म्हणजे मिळाला होता, आता परत आत. रद्दबातल आणखी पुढचं, कायद्याच्या नजरेत त्याला काही बळ उरलं नाही.

आणि 'निकाली काढली' या शब्दाने तर माझी अर्धी दुपार जाते. याचिका निकाली निघाली म्हणजे जिंकलो का हरलो? दोन्ही असू शकतं, दोन्ही नसूही शकतं. 'याचिकाकर्त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे निवेदन द्यावे, प्राधिकाऱ्याने त्यावर कायद्यानुसार निर्णय घ्यावा' असं म्हणून निकाली काढली की दोन्ही बाजू बाहेर येऊन पेढे वाटतात.

---

उपसंपादक रात्रपाळी

वकीलबाईंचा राग मान्य. पण दोन कॉलमच्या मथळ्यात 'गैरहजेरीत काढून टाकला' बसत नाही, 'फेटाळला' बसतं.

तरी आम्हीही अगदीच आंधळे नाही. नाकारणे खालून वर जातं, वरून खाली येतं, बरोबरीच्यातही चालतं. पुरस्कार नाकारला, तिकीट नाकारलं, प्रवेश नाकारला. पुरस्कार 'फेटाळला' असं कोणी लिहून आणलं तर मी कॉपी परत करतो. फेटाळायला समोरच्याने काही मागितलेलं लागतं आणि आपल्याकडे देण्याचा अधिकार लागतो. याला एकच मोठा अपवाद, 'आरोप फेटाळले'. तिथे अधिकार कसला, बहुधा आरोपी स्वतःच असतो. पण नेते मंडळी आरोप इतक्या ऐटीत उडवून लावतात की तिथे फेटाळणेच शोभतं.

झिडकारण्यात तुच्छता आहे, धुडकावण्यात जोर आहे (अट धुडकावली, इशारा धुडकावला), अव्हेरणे आता फक्त कवितेत आणि अग्रलेखात. बारगळणे मला फार आवडतं. ठराव बारगळला म्हणजे कोणी पाडला नाही, कोणी फेटाळला नाही, अनुमोदकच मिळाला नाही किंवा वेळच संपली. दोष कुणाच्याच माथी नाही. राजकारण्यांना हा शब्द माहीत असता तर त्यांनी रोज वापरला असता.

बाकी खेळाच्या पानावर डच्चू, नोकरीच्या बातमीत नारळ, मागण्यांना केराची टोपली.

---

गावठी गजाली

'कोलणे' राहिलं. विटीदांडूतलं. 'सायबान् कोलल्यान्.' एका शब्दात अर्ज, टिपणी, शेरा, सगळं आलं.

आणि 'वाटाण्याच्या अक्षता'. हल्लीच्या पोरांना कळत नाही. आमंत्रणाला जाताना तांदळाच्या अक्षता देतात, त्याजागी वाटाणे लावले म्हणजे येऊ नका हे सांगायलासुद्धा थाटात आले म्हणायचे. शिक्कामोर्तबच्या बरोबर उलट हाच शब्द आहे असा माझा दावा. यात विधी आहे, साहित्य आहे, मानपान आहे, आणि पदरात काही नाही.

---

कागदकीडा

गजालीबुवा, हे एक नंबर. 'मंत्रिमंडळाने प्रस्तावास वाटाण्याच्या अक्षता लावल्या' असा शासन निर्णय निघायला हवा.

---

मांडवीतीर

गोव्यातून. आमच्या जुन्या कागदांवर पोर्तुगीज शेरा असतो, 'देफेरीदु' किंवा 'इंदेफेरीदु'. मंजूर, नामंजूर. बस्स. खाली तारीख आणि सही. घरात एक जुना अर्ज आहे, पडीक जमीन लागवडीला मागण्यासाठी पणजोबांनी केलेला. कोपऱ्यात तिरक्या अक्षरांत इंदेफेरीदु. आजी लिहायला वाचायला शिकलेली नव्हती, पण तेवढा शब्द ती ओळखायची, त्याच्या लांबीवरून. मंजुरीचा शब्द आखूड असतो ना.

अव्वलकाकांची 'चर्चा करावी' वाचून वाटलं, आमचे फिरंगी निदान सरळ तरी होते. त्यांची स्तुती म्हणून नव्हे, जमीन शेवटी मिळाली नाहीच.

---

टेम्सकाठचा

उलट इंग्रजांचं बघा. इथल्या संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजाची संमती लागते आणि ती अजूनही जुन्या फ्रेंच शब्दांत जाहीर होते. नकाराचंही वाक्य ठरलेलं आहे, गादीवर राणी असेल तर 'ला रेन साव्हिझरा', म्हणजे 'राणी विचार करील'. हो, एवढंच. 'विचार करू' हाच अधिकृत नकार.

शेवटचा तो वापरला गेला १७०८ साली. राणी ॲन, स्कॉटलंडमध्ये नागरी सेना उभारण्याचं विधेयक. फ्रेंच आरमार स्कॉटलंडच्या दिशेने निघाल्याची बातमी आली, नव्या सेनेच्या हातात दिलेली हत्यारं उद्या कोणाच्या बाजूने उठतील याची मंत्र्यांनाच धास्ती वाटली, आणि त्यांच्याच सल्ल्याने राणीने संमती दिली नाही. त्यानंतर आजतागायत ते वाक्य वापरावं लागलेलं नाही.

---

चौकटीबाहेर

'विचार करू' म्हणजे आपलं 'कळवतो'!

मुलगी बघायला आलेले लोक कांदेपोहे संपवून उठताना 'कळवतो' म्हणाले की आईला दारातच कळायचं. आठवड्याने फोन, 'पत्रिका जुळत नाही हो.' काही वेळा पत्रिका दिलेलीच नसायची. माझ्या मावशीला तर एकांनी 'योग नाही' असं पोस्टकार्ड पाठवलं होतं, त्यात खाली 'सौ. ताईंना सा. न. वि. वि.' इतकं घरगुती. आजोबांनी ते कार्ड जपून ठेवलं होतं, अक्षर छान होतं म्हणून.

---

सातारी अव्वल

टेम्सकाठचे, आपल्याकडे तेवढंही वाक्य लागत नाही. १९८६ सालचं टपाल कायदा दुरुस्ती विधेयक आठवा. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं, लोकांची पत्रं उघडण्याचे सरकारचे अधिकार वाढणार होते. राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सही केली नाही, परतही पाठवलं नाही. १९८७ मध्ये मुदत संपवून घरी गेले, विधेयक तिथेच. घटनेच्या १११व्या कलमात मुदत नाही. याला अनुमती रोखून ठेवणं म्हणतात, तेही त्यांनी म्हटलं नाही. अशी फाइल हाताळणारा माणूस आमच्या खात्यात असता तर अव्वल दर्जाचा कारकून झाला असता, हे मी कौतुकाने म्हणतोय.

उलट २००६ मध्ये कलामसाहेबांनी लाभाच्या पदाचं विधेयक फेरविचारासाठी रीतसर परत पाठवलं. संसदेने पुन्हा मंजूर केल्यावर त्यांना सही करावी लागली. म्हणजे बघा, उघड 'परत' म्हणाल तर हरता, गप्प बसाल तर जिंकता.

---

वकीलबाई

राज्यपालांच्या बाबतीत याच 'गप्प बसण्या'वर सर्वोच्च न्यायालयात केवढं रणकंदन झालं. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या १० विधेयकांना अनुमती मिळाली असंच मानण्यात येईल, असा दोन न्यायमूर्तींचा निकाल आला आणि मुदतीही घालून दिल्या. मग राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागवलं. नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की न्यायालयाला अशी मुदत घालता येत नाही आणि 'मानीव अनुमती' अशी गोष्ट घटनेत नाही. मात्र राज्यपालांनी विधेयकावर बेमुदत बसून राहावं असंही नाही. आता यातून दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीची ओळ उचलतात, आम्ही कशाला आहोत.

---

तिसरा मजला

वकीलबाई, 'मानीव' वरून विचारते, अवांतर वाटलं तर सोडून द्या. फ्लॅट विकत घेतला, सोसायटीकडे सभासदत्वाचा अर्ज दिला, चार महिने होऊन गेले. सेक्रेटरी ना हो म्हणत ना नाही. 'कमिटीपुढे ठेवतो' एवढंच. याला नामंजूर समजायचं का?

---

वकीलबाई

अवांतर कसलं, हाच तर विषय आहे. नाही, उलट समजायचं. सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम २२(२). अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. नकार द्यायचा तर कारणांसह आणि मुदतीत कळवावा लागतो. संस्थेने वाद घातला तर प्रश्न निबंधकांकडे जातो, ते दोन्ही बाजू ऐकून ठरवतात. तुमच्या बाबतीत उपनिबंधक कार्यालय.

---

सातारी अव्वल

आणि माहिती अधिकारात बरोबर उलटं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती नाकारली असंच कायदा मानतो, कलम ७(२). मग पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. म्हणून तिथे वाट बघत बसायचं नाही, एकतिसाव्या दिवशी अपील लिहायला घ्यायचं. लेखी नकार आला तर त्यात कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण हे तिन्ही असायला हवं. नसेल तर अपिलात तोच पहिला मुद्दा.

२०१५चा लोकसेवा हक्क कायदा झाल्यापासून दाखल्यांचंही तसंच. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासी, जो काही दाखला अधिसूचित असेल तो मुदतीत द्यायचा, नाहीतर का देत नाही ते लिहून द्यायचं. हे आलं तेव्हा मी नोकरीत होतो. 'चर्चा करावी' हा शेरा एकदम कमी झाला आणि 'त्रुटी' एकदम वाढल्या. शेवटी कारकूनही माणूसच.

---

कागदकीडा

म्हणजे तेच मौन सोसायटीत होकार आणि माहिती अधिकारात नकार! 'मौनं सम्मतिलक्षणम्' म्हणणाऱ्या माणसाने दोन्ही कायदे वाचले नव्हते हे नक्की.

---

तर्रीपोहे

बांधकाम परवानगीतही मौन म्हणजे होकार. प्रादेशिक नगररचना कायदा १९६६, कलम ४५(५), ६० दिवस. फक्त नकाशा नियमांत बसणारा हवा. मौनाच्या भरवशावर जादा मजला चढवणारे नंतर कोर्टात सापडतात.

---

निब तुटली

धाग्यात एक अख्खं दालन राहिलं, 'साभार परत'. आमच्या पिढीच्या लेखकांना नामंजूर, फेटाळणे वगैरे माहीतच नव्हतं. कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, पुरेशी तिकिटं लावलेला लिफाफा जोडायचा. म्हणजे आपल्या नकाराचा पोस्टेज आपणच भरायचा. महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःच्याच अक्षरातला पत्ता दारात आला की आत काय आहे ते न फोडता कळायचं.

'परत' हे ठीक, पण 'साभार'? आभार कशाचे ते मला आजतागायत समजलेलं नाही. तरी त्या शब्दाने मान राखला जायचा हे कबूल करतो. आमच्या कट्ट्यावर तर त्याचं क्रियापद झालं होतं. 'या दिवाळीला किती साभार झाल्या?' 'सत्यकथे'कडून साभार परत आली तर ती सांगायचीसुद्धा गोष्ट असायची, कारण तिथे वाचून परत करतात यावर सगळ्यांचा विश्वास. अर्थात ज्यांचा विश्वास नव्हता त्यांनी १९६९ मध्ये त्या अंकाची होळी केली. संपादकाच्या नकाराला लेखकाने दिलेला नकार, तोही जाहीर. याला शब्द सुचवा कोणी.

आता काय, अंकावर छापलेलं असतं, 'अस्वीकृत साहित्य परत पाठवले जाणार नाही'. ईमेल पाठवायचा आणि पुढच्या वर्षीचा अंक येईपर्यंत वाट बघायची. शुद्धमतींचा 'अस्वीकृत' तिथे आहे, पण तो फक्त सूचनेत. प्रत्यक्षात कोणी कोणाला अस्वीकृत म्हणतच नाही.

---

शुद्धमती

निब तुटली, 'साभार परत' दोन्ही शब्दांसह मान्य. (परत कुठला ते बघायला जात नाही.)

वाचता वाचता मत थोडं सरकलं आहे. अस्वीकृतमध्ये स्वीकारलं नाही एवढंच कळतं. कोणी, कुठे, पुढे काय, हे काही कळत नाही. खारीज, रद्द, नामंजूर हे शब्द कचेरीत झिजून झिजून आपापल्या खाचेत बसले आहेत. नवा शब्द घडवणाऱ्याने ती खाच आधी बघायला हवी. मात्र नकाराधिकार हा शब्द कोणी घडवला असेल त्याला माझा नमस्कार. व्हेटो म्हणजे लॅटिनमध्ये नुसतं 'मी मनाई करतो', रोमन ट्रिब्यूनचं बोलणं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत तर व्हेटो हा शब्दही नाही, २७व्या कलमात पाच कायम सदस्यांच्या सहमतीची भाषा आहे. नकाराधिकार म्हटलं की मात्र काय चाललंय ते शाळेतल्या मुलालाही कळतं.

---

उपसंपादक रात्रपाळी

फक्त 'नोटा'ला नकाराधिकार लिहू नका एवढी विनंती, आमच्याकडेच कितीदा छापून येतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' आलं, पण विधानसभा-लोकसभेला त्याने निकाल बदलत नाही. २०२२च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, १२ हजारांवर मतं. पहिला आला असता तरी खालच्या उमेदवाराला विजयी घोषित केलं असतं. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरतं बदललं. तिथे नोटा सर्वात पुढे गेला तर पुन्हा मतदान. तेवढ्यापुरता नकार आहे, अधिकार अर्धाच.

छाननीत मात्र अर्ज 'बाद' होतो तो पुरता बाद. निर्णय अधिकाऱ्याला त्या अर्जावरच थोडक्यात कारण लिहावं लागतं.

---

गावठी गजाली

बाद मतपत्रिका, बाद नोट, बाद फलंदाज. या तिघांनाही परत खेळायला देत नाहीत. वकीलबाईंच्या चार प्रकारांत हा पाचवा.

---

तिसरा मजला

वकीलबाई, कलम वाचलं, धन्यवाद. अर्जाची पोच आहे पण तिच्यावर सेक्रेटरींची नुसती सही आहे, तारीख नाही. तीन महिने कधीपासून मोजायचे?

---

वकीलबाई

अर्जाबरोबर प्रवेश फी आणि हस्तांतरण फी चेकने दिली असेल ना? तो वटला असेल तर पासबुक बघा. सोसायटीला अर्ज त्याच्या आधीच मिळालेला होता हे त्यातून दाखवता येईल. आणि आजच एक स्मरणपत्र स्पीड पोस्टाने पाठवा, त्यात 'माझ्या अमुक रोजीच्या अर्जास अनुसरून' असं स्पष्ट लिहा. त्यांनी ती तारीख खोडून काढणारं उत्तर दिलं नाही तर उपनिबंधकांपुढे तेही उपयोगी पडतं.